मंगळवार-शुक्रवारची पत्रिका : नाशिक जिल्ह्यातील कृषी हवामान सेवेचा इतिहास

भारतीय हवामान विभागाला १५ जानेवारी २०२५ रोजी दीडशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत नाशिक जिल्ह्यातील कृषी हवामान सेवेचा इतिहास असावा, असे ठरले. काम वाटते तितके सरळ नाही. या सेवेची एक इमारत नाही, कोनशिला नाही, संस्थापकांची तसबीर लावावी अशी भिंत नाही. पुण्याच्या शिवाजीनगरातले कार्यालय, मुंबईचे प्रादेशिक हवामान केंद्र, इगतपुरीचे विभागीय कृषी संशोधन केंद्र, निफाडजवळच्या कुंदेवाडीचे गहू संशोधन केंद्र, पिंपळगाव बसवंतचे कांदा-द्राक्ष संशोधन केंद्र आणि कृषी विज्ञान केंद्रे अशा अनेक ठिकाणच्या माणसांनी मिळून ती उभी केली. वाचकांच्या हाती मात्र एकच गोष्ट येते: दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी कृषी हवामान सल्ला पत्रिका.

ही पत्रिका नाशिकसाठी लिहिणे किती अवघड, हे जिल्ह्याचा नकाशा पाहिला की कळते. तालुके पंधरा. पश्चिमेला घाटमाथ्यावर इगतपुरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून दीडशे किलोमीटरच्या आत पूर्वेला येवला-नांदगावकडे जेमतेम पाचशे. इगतपुरी-पेठ-सुरगाण्यात भाताची आवणी, नागली आणि वरई, निफाड-दिंडोरीत द्राक्षे, कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात कांदा, डाळिंब आणि अर्ली छाटणीची द्राक्षे. 'जिल्ह्यात मध्यम पावसाची शक्यता' एवढ्या वाक्याने यांतल्या एकाचेही समाधान होत नाही. या सेवेचा इतिहास म्हणजे अंदाजाचा टापू प्रांतावरून गावापर्यंत आणत जाण्याचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : १८७५ ते १९३०

१८६४ मध्ये कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आले. पाठोपाठ १८६६ आणि १८७१ मध्ये मोसमी पाऊस हुकला. या आपत्तींतून १८७५ साली हवामान विभागाची स्थापना झाली आणि एच. एफ. ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. लगेच १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळले. पाऊस येणार की नाही, हे आधी सांगता आले पाहिजे, ही निकड त्यानंतर सरकारलाही वाटू लागली. ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा आणि पुढच्या पावसाचा संबंध लावून १८८२ पासून तात्पुरते अंदाज दिले, आणि १८८६ पासून ते रीतसर सुरू झाले. गिल्बर्ट वॉकर यांनी १९०४ ते १९२४ या काळात जगभरच्या नोंदी जुळवून या कामाला गणिताचा आधार दिला.

हे सगळे अंदाज सरकारसाठी होते. महसूल किती येईल, धान्य कुठे हलवावे लागेल, यासाठी. नाशिकचा कुणबी तेव्हा पंचांगात मृगाचे वाहन कोणते आहे, ते बघत होता. बेडूक असेल तर पाऊस बरा, गाढव असेल तर बेताचा, हा हिशेब आजही अनेक घरांत चालतो आणि त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. त्या वेळी शेतकऱ्यासमोर दुसरे काही ठेवलेलेच नव्हते.

१९२८ मध्ये विभागाचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही 'शिमला ऑफिस' म्हणतात. योगायोगाने त्याच वर्षी शाही कृषी आयोगाचा अहवाल आला आणि शेतीसाठी हवामानाचा स्वतंत्र अभ्यास व्हावा, अशी शिफारस त्यात होती.

१९३० चे दशक : जमिनीलगतच्या हवेचा शोध

ऑगस्ट १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामान विभाग सुरू झाला आणि त्याची सूत्रे डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे आली. भारतीय कृषी हवामानशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या परिसरात वेधशाळा उभी राहिली. तोपर्यंत हवामानाच्या नोंदी माणसाच्या उंचीवरच्या पांढऱ्या, झडपांच्या पेटीतून घेतल्या जात. रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तापमापक खाली उतरवले: पिकात, मातीवर, मातीखाली.

यातून जे हाती आले, त्याचे निफाडकरांना विशेष कौतुक वाटावे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सगळ्यात थंड जागा जमिनीचा पृष्ठभागच असणार, असे तोवर मानले जाई. रामदास आणि आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले, की सर्वांत थंड थर जमिनीला चिकटून नसतो. तो काही बोटे ते वीतभर वर असतो. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी आधी यावर विश्वास ठेवला नाही, मोजमापातच चूक असेल म्हणाले. पुढे इतरत्रही तेच आढळले आणि त्याला 'रामदास थर' हे नाव पडले. पहाटे बागेत शेकोटी पेटवणाऱ्याला या शोधाचे नाव ठाऊक नसते, पण थंडी नेमकी कुठे बसते, हा त्याचाही प्रश्न असतो.

नाशिक परिसरात द्राक्षाची लागवड १९२५ च्या सुमारास ओझर भागात सुरू झाली, असे मानले जाते. कृषी हवामानशास्त्र आणि नाशिकची द्राक्षबाग ही दोन्ही अशी एकाच पिढीत जन्मली. त्यांची गाठ पडायला मात्र बराच काळ जावा लागला.

१९४० ते १९६० : रेडिओवरचा आवाज

७ जानेवारी १९४५ ला नाशिकला किमान तापमान ०.६ अंश सेल्सिअस नोंदले गेले. शहराच्या नोंदींतला तो नीचांक म्हणून आजही सांगितला जातो. त्याच १९४५ साली आकाशवाणीवरून प्रादेशिक भाषांत शेतकऱ्यांसाठी हवामान पत्रिका सुरू झाली. २ ऑक्टोबर १९५३ ला आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले आणि संध्याकाळच्या शेतीविषयक कार्यक्रमाआधी-नंतर हवामान ऐकण्याची सवय गावोगाव लागली. गावात रेडिओ एखादाच, ग्रामपंचायतीचा नाहीतर पाटलांचा. बातम्या संपल्या तरी माणसे हवामानासाठी थांबत.

त्या पत्रिकेची भाषा अजूनही आपल्या कानांत आहे. 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल.' मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंतचा सगळा पट्टा. तुरळक ठिकाणी म्हणजे पाव भागापर्यंत, काही ठिकाणी म्हणजे निम्म्यापर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे पाऊणपर्यंत आणि बहुतेक ठिकाणी म्हणजे त्याहून जास्त; ही विभागाची काटेकोर परिभाषा. ऐकणाऱ्याला ती कधी कुणी समजावून सांगितली नाही. त्यामुळे आपल्या शिवारात पाऊस झाला नाही की अंदाज चुकला, असा समज होई, आणि अंदाज देणाऱ्यांच्या दृष्टीने तो अचूक ठरलेला असे. वेधशाळेवरच्या निम्म्या विनोदांचा जन्म या दरीतला आहे.

१९६० आणि १९७० चे दशक : विद्यापीठ, दुष्काळ, पत्रिका

१९६० च्या दशकाने दोन आधार दिले. एक, राज्यातल्या द्राक्ष बागायतदारांनी आपला संघ स्थापन केला आणि हवामानावर सर्वाधिक अवलंबून असलेल्या पिकाचे उत्पादक संघटित झाले. दुसरा, १९६८ मध्ये राज्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ नाशिक जिल्ह्यातल्या संशोधन केंद्रांचे घर झाले.

१९७२ च्या दुष्काळाचे वर्णन इथे करायला नको. ज्यांनी सुकडी खाल्ली आणि खडी फोडली, ते अजून आपल्यात आहेत. त्या दुष्काळानंतर राष्ट्रीय कृषी आयोगाने हवामान अंदाजाला शेतीच्या सल्ल्याची जोड देण्याची शिफारस केली आणि १९७६ पासून हवामान विभाग व राज्यांचे कृषी विभाग मिळून सल्ला पत्रिका काढू लागले. अंदाजाखाली 'म्हणून काय करावे' ही ओळ इथे प्रथम आली. फवारणी थांबवा, काढलेले धान्य झाकून ठेवा, वाफसा येईपर्यंत पेरू नका. आज हे साधे वाटते. त्यासाठी हवामानशास्त्रज्ञ आणि पीकशास्त्रज्ञ आठवड्यातून दोनदा एका टेबलाशी बसवावे लागले आणि कार्यालयीन जगात ही लहान गोष्ट नव्हे. कामाच्या वाटणीवरून मतभेद झालेच नसतील असे नाही. त्यांचा पाढा वाचण्याची ही जागा नाही.

याच दशकात गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचे कोडे उलगडले. त्याचे बीजाणू दक्षिणेच्या निलगिरी-पळणी डोंगरांत तग धरतात आणि नोव्हेंबरातल्या बंगालच्या उपसागरातील वादळांच्या वाऱ्यांवर बसून मध्य भारतात येतात, हे डॉ. एस. नागराजन यांनी दाखवले. वादळाचा मार्ग पाहून रोगाचा इशारा देता येतो, ही कल्पना कुंदेवाडीसारख्या केंद्रांसाठी मोलाची होती. 'त्र्यंबक', 'तपोवन', 'गोदावरी' अशी नाशिकची नावे मिरवणारे गव्हाचे वाण त्याच केंद्राने पुढे दिले.

१९८० चे दशक : उपग्रह आणि महासंगणक

१९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि ढगांचे चित्र दूरदर्शनच्या बातम्यांत आले. १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे मोसमी पावसाचे प्रारूप वापरात आले. एका मराठी माणसाचे नाव पावसाशी जोडले गेले, म्हणून त्याची चर्चा पारावरही झाली. सलग काही वर्षे ते बरोबर आले, २००२ च्या दुष्काळाने त्याला धक्का दिला.

शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना मात्र फारशी गाजली नाही. १९८८ मध्येच दिल्लीत राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र स्थापन झाले आणि त्यासाठी क्रे महासंगणक आणला गेला. मोसमाचा अंदाज सरकारला हवा असतो. बागायतदाराला हवे असतात पुढचे चार-पाच दिवस. त्या चार-पाच दिवसांची गणिते करणारी यंत्रणा देशात प्रथमच आली.

१९९० चे दशक : इगतपुरीचे टेबल

१९९१ पासून मध्यम पल्ला केंद्राने देशातील कृषी हवामान विभागांसाठी क्षेत्रीय एकके उघडायला सुरुवात केली. देशाचे असे १२७ विभाग पाडलेले आहेत. कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात एक वेधशाळा, एक प्रमुख, एक तांत्रिक अधिकारी, एक निरीक्षक आणि सल्ल्यासाठी पिकांच्या तज्ज्ञांचे मंडळ, असे एककाचे स्वरूप. नाशिक जिल्ह्याचे हे काम पुढे इगतपुरीच्या विभागीय केंद्राकडे आले आणि आजही तिथूनच चालते.

इगतपुरी हे भात आणि वरई-नागलीचे केंद्र. तिथे बसून द्राक्षाचा सल्ला कसा देणार, असा प्रश्न निफाडकडून विचारला जाई, आणि तो गैरवाजवी नव्हता. उत्तर सहकार्यातून निघाले. कुंदेवाडीच्या नोंदी, पिंपळगावच्या केंद्राचे रोग-किडींचे निरीक्षण आणि पुढे पुण्याजवळ मांजरीला १९९७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा साप्ताहिक सल्ला, हे सगळे एकमेकांना पूरक ठरले. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रानेही हा सल्ला शेतापर्यंत नेण्यात हात दिला.

या सगळ्यांत ज्याचे नाव कुठल्याच अहवालात ठळक येत नाही, तो निरीक्षक. कृषी वेधशाळेत सकाळी सातला आणि दुपारी दोनला, स्थानिक वेळेनुसार, नोंदी घ्यायच्या. ओला-कोरडा तापमापक, मातीतले तापमापक, वाऱ्याची दिशा, बाष्पपात्रातले पाणी किती उडाले, काचेच्या गोळ्याखालच्या पट्टीवर उन्हाची जळकी रेघ किती लांब. पाऊस मोजायचा तो सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा. दिवाळी असो वा घरचे लग्न, वेळ चुकवायची नाही, कारण चुकलेली नोंद पुन्हा घेता येत नाही. श्रावणातल्या इगतपुरीत, चार हातांवरचे दिसत नाही अशा धुक्यात आणि झोडपणाऱ्या पावसात, पर्जन्यमापकापर्यंत चालत जाणाऱ्या या मंडळींच्या पिढ्यांवर ही सेवा उभी आहे.

२००० ते २०१० : जिल्ह्याचा स्वतःचा अंदाज

१ जून २००८ पासून हवामान विभागाने जिल्हावार पाच दिवसांचा अंदाज देणे सुरू केले. मध्यम पल्ला केंद्राकडची कृषी सल्ला सेवा त्याआधीच विभागाकडे आली होती. पाऊस, कमाल व किमान तापमान, ढगाळपणा, सकाळची व दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा अशा आठ गोष्टी जिल्ह्यासाठी मिळू लागल्या. 'मध्य महाराष्ट्र' हा शब्द मागे पडून 'नाशिक' हा शब्द पत्रिकेत आला.

याच काळात निर्यातीच्या द्राक्षांवर औषधांच्या उर्वरित अंशाची बंधने कडक झाली. पूर्वी आभाळ भरून आले की बागायतदार धास्तीने फवारणी करी. एक चुकली तर बाग जाईल, हा हिशेब. आता जादा फवारणी म्हणजे युरोपच्या प्रयोगशाळेत माल नाकारला जाण्याची भीती. ढगाळ हवामानात घड जिरतात, फुलोऱ्यात पाऊस आला तर कूज आणि गळ होते, पाने ओली राहिली तर डाऊनी येतो, आर्द्रता आणि ढगाळपणा भुरीला पोषक ठरतो, पाणी उतरलेल्या मण्यांवर पाऊस पडला तर ते तडकतात. ऑक्टोबर छाटणीपासून खुड्यापर्यंत बागेची अशी एकही अवस्था नाही, जिला हवामानाचा वेगळा धोका नाही. डाऊनीची फवारणी पावसानंतर धावपळ करून घेण्यापेक्षा पावसाआधी घ्यावी, आणि पाऊस येणारच नसेल तर ती टाळावी, हे तंत्र द्राक्ष संशोधन केंद्राने सातत्याने सांगितले. अंदाजावर विसंबून औषधाचा एक पंप वाचवणे ही त्या काळातली मोठी मानसिक उडी होती. नाशिकच्या बागायतदारांनी ती घेतली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

२० एप्रिल २००५ ला 'ॲग्रोवन' हे शेतीचे दैनिक निघाले आणि डॉ. रामचंद्र साबळे यांच्यासारख्या कृषी हवामान तज्ज्ञांचे लेखन नियमित वाचायला मिळू लागले. हवेचा दाब किती हेक्टापास्कल, हे बागेतला मजूरही बोलू लागला. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले आणि त्याच्या पावसाने नाशिकच्या बागांना फुलोऱ्यात गाठले. अरबी समुद्रातली वादळे ही कोकणचीच काळजी आहे, हा समज त्या आठवड्यात संपला.

२०१० चे दशक : गारा, गारठा आणि दोन हजार केंद्रे

२०१२ मध्ये सेवेला 'ग्रामीण कृषी मौसम सेवा' हे नाव आणि नवे बळ मिळाले. २०१३ मध्ये एमकिसान पोर्टलवरून मोबाइलवर लघुसंदेश जाऊ लागले. सेवेची खरी परीक्षा पाहिली ती २०१४ ने.

फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत थांबली नाही. राज्यातले २८ जिल्हे तिने झोडपले. पश्चिमी प्रकोपाची थंड हवा वरून आणि अरबी समुद्र व बंगालचा उपसागर या दोन्हींकडचे बाष्प खालून, असा संयोग दिवसेंदिवस टिकून राहिला. नाशिक जिल्ह्यात खुड्याला आलेली द्राक्षे, काढणीचा गहू आणि पोसत असलेला उन्हाळ कांदा एकाच वेळी सापडला. सौदे झालेल्या बागांत दुसऱ्या दिवशी व्यापारी फिरकला नाही. बारामतीजवळच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने या आपत्तीचा तपशीलवार अभ्यास केला.

इशारे होते का? वादळी पावसाचे होते. पण गार ही पाच दिवस आधी गावाचे नाव घेऊन सांगता येणारी गोष्ट नाही. गारांचा पट्टा कधी कधी दोन-तीन किलोमीटर रुंद असतो. पाच दिवस आधी शक्यता, आदल्या दिवशी जिल्हा आणि प्रत्यक्ष वादळ उभे राहिल्यावर रडारवरून तीन तासांचा तातडीचा इशारा, अशी तीन पायऱ्यांची रीत त्यानंतर रुजत गेली. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे रंग त्यातूनच घरोघरी पोहोचले. यातली तांत्रिक अडचण सांगितली पाहिजे: रडारचा किरण जितका दूर जातो तितका जमिनीपासून वर उचलला जातो, आणि मुंबईच्या रडारसाठी नाशिक सह्याद्रीपलीकडे आहे. खालच्या थरात काय शिजते आहे, ते तिथून पूर्ण दिसत नाही.

गारपिटीनंतर विम्याकडे लक्ष गेले. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती तापमान आणि पावसाच्या नोंदीवरून. मग नोंदणारे केंद्र बागेपासून किती दूर, हा पैशाचा प्रश्न झाला. ३० एप्रिल २०१७ ला राज्य शासनाच्या महावेध प्रकल्पाचा आरंभ झाला. स्कायमेट या खासगी कंपनीच्या भागीदारीत दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभी राहिली आणि दर दहा मिनिटांनी नोंद मिळू लागली. काही केंद्रांच्या जागांबद्दल कुरबुरी झाल्या, काही दुरुस्त झाल्या. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी कंपन्यांनीही सभासदांच्या शिवारात हवामान केंद्रांचा उपयोग सुरू केला. त्याच २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी अंदाज चुकला म्हणून हवामान विभागाविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली. कुणाला हसू आले असेल. पण ज्या सेवेवर कुणी विसंबतच नाही, तिच्याविरुद्ध कुणी ठाण्याची पायरी चढत नाही.

थंडीचीही नोंद इथेच करावी. २७ डिसेंबर २०१८ ला कुंदेवाडीच्या केंद्रात १.८ अंश सेल्सिअस नोंदले गेले. दर हिवाळ्यात कुंदेवाडीचा आकडा वृत्तपत्रांत झळकतो आणि नाशिक शहरापेक्षा तो बहुधा दोन-चार अंशांनी खाली असतो. उत्तरेचे कोरडे वारे, निरभ्र आकाश, आणि गोदावरी-कादवेच्या सखल खोऱ्यात रात्री साचून राहणारी जड थंड हवा, ही त्याची कारणे. बागायतदारासाठी हा आकडा कुतूहलाचा नाही. पारा घसरला आणि दिवस-रात्रीची तफावत वाढली की थॉमसनच्या हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते, मण्यांची फुगवण थांबते. मग पहाटे ठिबक सुरू करणे, बागेत शेकोट्या आणि धूर करणे, घडांना कागद लावणे हे उपाय. आणि त्यासाठी मजूर सांगायचे तर दोन दिवस आधी कळायला हवे. किमान तापमानाचा अंदाज हा पत्रिकेतला सगळ्यात विश्वासाचा रकाना आहे, असे जुने बागायतदार सांगतात. पावसाच्या तुलनेत तो खरोखरच अधिक जुळतो.

दशक संपताना २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात 'क्यार' आणि 'महा' ही दोन वादळे अरबी समुद्रात पाठोपाठ आली. दोन्ही महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागली नाहीत, तरी त्यांच्यामुळे लांबलेल्या पावसाने बागलाणची अर्ली द्राक्षे गेली. जुलै-ऑगस्टात छाटणी करून नोव्हेंबर-डिसेंबरात चढ्या भावाने माल काढायचा, हा कसमादेचा धाडसी हिशेब. परतीचा पाऊस लांबला की सर्वांत आधी तोच मोडतो. त्यानंतर बागांवर प्लास्टिक आच्छादन घालण्याचे प्रयोग वाढले. त्याचा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही.

२०२० पासून आजवर

टाळेबंदीतही पत्रिकेचा एकही अंक चुकला नाही असे म्हणतात. ती कागदावरून व्हॉट्सॲपवर गेली, एवढेच. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि क्षीण होत उत्तर महाराष्ट्राकडे सरकले. घाट ओलांडून येणाऱ्या वादळासाठी जिल्हा प्रशासन, कृषी विभाग आणि शेतकरी आधीपासून तयार असल्याचा अनुभव नवा होता. 'मेघदूत' ॲपवर मराठीतून जिल्ह्याचा सल्ला मिळू लागला आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या 'दामिनी' ॲपने जवळ येणाऱ्या विजेची सूचना द्यायला सुरुवात केली. पावसाळ्याच्या तोंडावर शेतात विजेने माणसे आणि जनावरे दगावतात; द्राक्षाच्या नुकसानीपुढे या मृत्यूंची चर्चा कमी होते, म्हणून त्याचा मुद्दाम उल्लेख केला.

२६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड-दिंडोरी पट्ट्यात पुन्हा गारा पडल्या. या वेळी इशारा आधीच हाती होता. ज्यांना शक्य होते त्यांनी काढलेला माल हलवला. वेलीवरचा घड मात्र इशाऱ्याने हलवता येत नाही. अंदाजाची मर्यादा आणि शेतीची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा दोष पहिलीला देण्याची आपली जुनी सवय आहे.

२०१८ पासून देशात कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान एकके उघडली होती. त्यांची संख्या १९९ पर्यंत गेली आणि २०२४ च्या सुरुवातीला ती बंद झाली. निर्णयामागची कारणे काहीही असोत, तालुक्याच्या पातळीवर सल्ला लिहिणारी प्रशिक्षित माणसे कमी झाली, हे खरे. प्रारूपे तो मजकूर आपोआप तयार करू शकतात, असे सांगितले जाते. उद्या आवणी करायची की थांबायचे, हे सांगायला पेठच्या खाचरात किती पाणी साचते, ते ठाऊक असलेला माणूस लागतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. इगतपुरीचे क्षेत्रीय एकक मात्र कार्यरत राहिले, ही जिल्ह्याच्या दृष्टीने समाधानाची बाब.

ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज उपलब्ध झाला. २६ मे २०२५ ला सहा किलोमीटर चौकटीचे 'भारत अंदाज प्रणाली' हे नवे प्रारूप देशाला अर्पण झाले, आणि नेमक्या त्याच दिवशी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. गेल्या पाऊणशे वर्षांतले सर्वांत लवकरचे आगमन. त्या मे महिन्यातल्या अवकाळीने शेतात आणि चाळीबाहेर असलेला उन्हाळ कांदा भिजवला. सहा किलोमीटरच्या चौकटीत त्र्यंबकचा डोंगर आणि गंगापूरचे धरण वेगळे दिसू शकतात. बारा किलोमीटरच्या चौकटीत असे फरक कमी दिसत.

आज जिल्ह्याची पत्रिका साधारण अशी तयार होते. मुंबईच्या प्रादेशिक केंद्राकडून पाच दिवसांचे आकडे येतात. इगतपुरीत गेल्या आठवड्याच्या नोंदी त्यांच्या शेजारी मांडल्या जातात. पिकांच्या अवस्था कळवल्या जातात: भात फुटव्यात, द्राक्ष पोंग्यात, कांद्याची रोपे टाकलेली. तज्ज्ञमंडळ पीकवार सल्ला ठरवते, तांत्रिक अधिकारी तो मराठीत लिहितो, आणि मंगळवारी किंवा शुक्रवारी तो आकाशवाणी, वृत्तपत्रे, कृषी विभाग, शेतकरी गट आणि मोबाइलकडे जातो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बेनामी अंदाजांशी आता या पत्रिकेची स्पर्धा आहे. ते अंदाज छातीठोक असतात, तारखा देतात, शंका ठेवत नाहीत. पत्रिका 'शक्यता' म्हणते, कारण तिला शुक्रवारी पुन्हा त्याच वाचकांसमोर यायचे असते.

या वाटचालीत सहभागी झालेल्या शास्त्रज्ञ, निरीक्षक, तांत्रिक अधिकारी, कृषी सहायक, आकाशवाणीचे निवेदक, बागायतदार संघाचे कार्यकर्ते आणि नोंदी कळवणारे प्रगतिशील शेतकरी यांची नावे स्वतंत्रपणे देण्याचा मोह स्थळाभावी टाळला आहे. एकाचे घ्यावे आणि दहांचे राहावे, हे बरे नव्हे. खरीप आणि रब्बीच्या सुरुवातीला या सेवेतर्फे शेतकरी जागृती मेळावे भरतात. पत्रिका मिळण्यासाठी नाव नोंदवायचे असेल किंवा आपल्या गावचा अंदाज किती जुळला, हे कळवायचे असेल, तर त्या मेळाव्यांत अथवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात संपर्क साधावा. चुकलेल्या अंदाजाची तारीख आणि त्या दिवशी मोजलेला पाऊस सोबत आणल्यास अधिक उपयोग होईल.